निकाहनामा आणि केपचे बंदर

मे महिन्याची सुटी लागली की आमच्या घरी कागद घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. करताना आपण पुढे काय काय शिकवू याची जी स्वप्ने पाहिली होती, त्यांत निकाहनाम्याचे भाषांतर नव्हते. पण गावाच्या दृष्टीने आमचा खरा उपयोग हाच. काझीसाहेबांनी सुबक उर्दूत भरलेला निकाहनामा आधी मराठीत आणि मग इंग्रजीत उतरवून द्यायचा, मेहेरचा आकडा अक्षरी लिहायचा, दोन्ही गवाहांची नावे पासपोर्टात आहेत तशीच आली की नाही हे पाहायचे. कोकणात निकाह मे महिन्यात होतात, कारण परदेशी असलेले नवरे तेव्हाच रजेवर येतात. रजा संपली की ते जातात आणि कागद आमच्या टेबलावर राहतात.

तीन वर्षांपूर्वी आमची एक माजी विद्यार्थिनी आपल्या वडिलांबरोबर आली. तिचा निकाह केपटाउनच्या एका मुलाशी झाला होता. मुलगा तिथेच जन्मलेला, तिथलाच नागरिक. त्याचा पणजोबा आमच्याच पंचक्रोशीतून गेलेला. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, छातीचा एक्स-रे, दोघांचे फोटो असे सगळे जोडून पत्नी म्हणून व्हिसाचा अर्ज केला होता आणि तो परत आला होता. कारण असे की निकाहनाम्यावर तारीख मे महिन्याची, आणि ग्रामसेवकाने दिलेल्या विवाह नोंदणीच्या दाखल्यावर सप्टेंबरची. दप्तरातल्या माणसाने विचारले, ‘मग लग्न नक्की कधी झाले?’ मुलीचे वडील म्हणाले, निकाह मे महिन्यात झाला. त्यावर उत्तर मिळाले की तो धार्मिक विधी झाला, आम्ही लग्नाचे विचारतो आहोत.

वडील आमच्याकडे आले ते भाषांतर करून घ्यायला नव्हे. त्यांचा प्रश्न साधा होता. ‘सर, निकाह म्हणजे लग्न नव्हे काय?’

या प्रश्नाचे उत्तर देता देता आम्हांला जे वाचावे लागले, त्यातून हा लेख झाला. कारण हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, त्याच केपटाउन शहरातील एका न्यायालयापुढे १९१३ साली आला होता. त्या वेळी न्यायालयाने दिलेल्या उत्तराने हजारो संसारांच्या पायाखालची जमीन सरकली होती.

*

आधी आपली माणसे तिथे कशी गेली ते पाहू. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय म्हटले की आपल्याला नाताळ प्रांतातले उसाचे मळे आठवतात. १८६० पासून मद्रास आणि कलकत्त्याहून करारावर नेलेले मजूर तिथे राबले. पण केपटाउनची गोष्ट वेगळी. तिथे गेलेले बहुतेक भारतीय स्वतःच्या पैशाने, स्वतःचे तिकीट काढून गेलेले होते. त्यांत गुजराती होते, आणि रत्नागिरी व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले, जंजिरा संस्थानातले कोकणी मुसलमान फार मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही ये-जा सुरू झाली. कोकणच्या बंदरातून आगबोटीने मुंबई, मुंबईहून जहाजाने आफ्रिका. तिथे कोणी फळे-भाजी हातगाडीवर विकली, कोणी कोपऱ्यावर दुकान टाकले, कोणी गोदीत किंवा दुसऱ्याच्या दुकानात मजुरी केली. केपटाउनच्या लूप स्ट्रीटवरची कुव्वतुल इस्लाम मशीद १८९२ ची. ती भारतीय मुसलमानांनी उभी केली.

कोकणी माणसाला केपमध्ये एक गोष्ट घरच्यासारखी सापडली. डच काळात जावा-सुमात्रा बाजूने आणि इतर ठिकाणांहून गुलाम व कैदी म्हणून आणलेल्या मुसलमानांची, ज्यांना तिथे ‘मलाय’ म्हणत, मोठी वस्ती तिथे आधीच होती. आणि ते बहुतेक शाफई होते. कोकणी मुसलमानही शाफई. नमाजेत हात कुठे बांधायचे यावरून भांडण नाही, ही एकत्र राहण्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे! पुढे कित्येक कोकणी पुरुषांनी तिथल्या मलाय मुलींशी निकाह लावले. त्यांची मुले तिथेच वाढली. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे कायद्याने याच ठिकाणी एक गाठ मारली.

पण बहुसंख्य पुरुषांची बायको गावीच राही. माणूस चार-पाच वर्षांनी यायचा, वर्षभर राहायचा, घराला एखादी नवी पडवी काढायचा आणि परत जायचा. बायको, आईबाप, जमीन हे इकडे, कमाई तिकडे. केपमधील वेस्टर्न केप विद्यापीठाच्या इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी अशा दुभंगलेल्या संसारांचा केपटाउनच्या इमिग्रेशन खात्याच्या जुन्या फायलींवरून अभ्यास केला आहे. त्या महात्मा गांधींच्या पणती. त्यांचे लेखन वाचताना आम्हांला पानोपानी आपल्याच बाजूचे जिल्हे भेटले.

*

केप वसाहतीने बाहेरच्यांना रोखणारा पहिला कायदा १९०२ साली केला आणि १९०६ साली तो अधिक कडक केला. युक्ती अशी की कायद्यात ‘भारतीयांना बंदी’ असे कुठेही लिहायचे नाही. येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहून सही करता आली पाहिजे, एवढीच अट. इंग्रजी न येणारा कोकणातला हाफिज असो की बनारसचा पंडित, या अटीपुढे दोघेही निरक्षर. गंमत अशी की पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंची यिडिश भाषा हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, म्हणून तीही आधी अडली होती. ज्यू समाजाने खटपट केली आणि १९०६ च्या कायद्यात यिडिश ही युरोपीय भाषा ठरली. त्या खटपटीत पुढे असलेले वकील मॉरिस अलेक्झांडर नंतर संसदेत गेले आणि भारतीयांच्या बाजूनेही बोलत राहिले. उर्दूसुद्धा उजवीकडून डावीकडेच लिहिली जाते. तिला मात्र कोणी युरोपीय म्हटले नाही. उर्दूच्या शिक्षकाने हे वाचताना थोडे हसून घेतले तर वाचकांनी क्षमा करावी.

जे आधीपासून तिथे स्थायिक झाले होते, त्यांना या अटीतून सूट होती आणि त्यांच्या बायकोला व अल्पवयीन मुलांनाही सूट होती. गावी जायचे तर निघण्याआधी परत येण्याचा परवाना काढायचा. त्यावर फोटो आणि अंगठा. परवान्याला मुदत असे. बोट चुकली, आई आजारी पडली, पावसाळा आडवा आला आणि मुदत उलटली तर वीस वर्षांचे दुकान तिकडे आणि माणूस इकडे. म्हणजे व्हिसा हा शब्द नसला तरी व्हिसाचा सगळा जाच तेव्हाही होताच.

तरीही एक दार उघडे होते. कायद्यात ‘वाइफ’ हा शब्द होता. बायको आली तर तिला उतरू द्यायचे.

*

हसन इसॉप हा पोर्ट एलिझाबेथचा रहिवासी. त्याने हिंदुस्थानात येऊन मुस्लिम रीतीने निकाह केला होता. पत्नीचे नाव बाई मरियम. ती त्याची एकुलती एक बायको. १९१२ साली तो तिला आणायला आला आणि तिला घेऊन परत गेला, तेव्हा अधिकाऱ्यांनी तिला उतरण्यास मनाई करून परत पाठवण्याचा हुकूम काढला. इसॉप न्यायालयात गेला. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती माल्कम सर्ल यांनी निकाल दिला. त्याचा आशय असा की, कायद्यातील ‘वाइफ’ म्हणजे ज्या विवाहाला या देशातील न्यायालये मान्यता देतात त्या विवाहातील स्त्री. ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह या व्याख्येत बसत नाही. हसनने दुसरी बायको केली आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. तो करू शकतो, एवढे पुरेसे होते.

वाचकांनी जरा थांबून याचा अर्थ ध्यानात घ्यावा. ही फक्त बाई मरियमची गोष्ट राहिली नाही. मुस्लिम, हिंदू, पारशी, ज्या कोणाचे लग्न सरकारी नोंदणीने किंवा ख्रिस्ती विधीने झाले नव्हते, ते सगळे एका निकालाने संशयात गेले. गांधींनी या निकालावर ‘इंडियन ओपिनियन’मधून टीका सुरू केली, ती याच मुद्द्यावर: बायको बायको नाही, तर मुले औरस नाहीत आणि वारसाहक्कही नाही. आपल्याकडे एखाद्याच्या आईच्या निकाहाविषयी शंका घेणे ही शिवी समजली जाते. तिथे एका न्यायमूर्तींनी अख्ख्या समाजाविषयी ती कायद्याच्या भाषेत, आवाज न चढवता घेतली होती.

हा निकाल यायच्या चारच महिने आधी नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून गेले होते. २२ ऑक्टोबर १९१२ ला ते केपटाउनला उतरले होते. गोखल्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरजवळच्या कोतळूकचा. म्हणजे केपच्या गोदीवर भाजीची गाडी ढकलणाऱ्या कोकणी मुसलमानाचा आणि त्यांचा जिल्हा एकच. या दौऱ्यातली एक आठवण गांधींनी आपल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात नोंदवली आहे, ती आपल्या समाजात फारशी कोणाला माहीत नाही. जोहान्सबर्गला भारतीयांच्या सभेत कोणत्या भाषेत बोलावे, असे गोखल्यांनी विचारले. गांधींनी सुचवले की मराठीत बोला. इथे कोकणी मुसलमान आहेत, थोडे महाराष्ट्रीय हिंदूही आहेत आणि त्यांना तुमचे मराठी ऐकायचे आहे. भाषांतर मी करीन. गांधींचे मराठी कितपत चालेल याची गोखल्यांना शंकाच होती, पण ते मराठीत बोलले आणि भाषांतर ऐकून त्यांचे समाधान झाले. त्यानंतर परतीच्या वाटेवर झांजीबारपर्यंत ते शक्य तिथे मराठीतच बोलत गेले. मराठी ही मुसलमानांची भाषा आहे काय, असे अजूनही विचारणारे लोक आम्हांला अधूनमधून भेटतात. त्यांना आम्ही जोहान्सबर्गची ही सभा सांगतो.

असो. मूळ मुद्द्याकडे येऊ.

*

सर्ल निकालापर्यंत गांधींनी स्त्रियांना तुरुंगात जाऊ दिले नव्हते. या निकालाने ते बदलले, कारण आता अपमान सरळ त्यांचाच झाला होता. गांधींनी कस्तुरबांना सांगितले की या देशाच्या कायद्याने तू आता माझी बायको राहिलेली नाहीस, ही हकिगतही प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातून निघालेल्या तुकडीत कस्तुरबा होत्या. परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडली म्हणून त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. तमिळ स्त्रिया न्यूकॅसलच्या कोळसा खाणींकडे गेल्या आणि मजुरांचा संप पेटला. त्यांतली सोळा वर्षांची वल्लीअम्मा तुरुंगातून तापाने फणफणत बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ ला वारली.

ही नावे पाठ्यपुस्तकांत येतात. एक नाव येत नाही, ते फातिमा मेहताब यांचे. गांधींच्या बालपणीचा दोस्त शेख मेहताब डरबनला स्थायिक झाला होता. सत्याग्रहावर तो हिंदुस्थानीत कविता करी, त्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये छापून येत. फातिमा ही त्याची बायको. ऑक्टोबर १९१३ मध्ये ती आपली आई हनीफाबाई आणि लहान मुलाला घेऊन डरबनहून निघाली, हद्दीवर पकडली गेली आणि तीन महिने तुरुंगात राहिली. बुरख्या-पडद्याच्या त्या काळात आई, मुलगी आणि नातू असे तिघे आपल्या निकाहाच्या इज्जतीसाठी तुरुंगाच्या वाटेला लागले. मुस्लिम स्त्रियांच्या इतिहासाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. फातिमा आणि हनीफाबाई यांचे नाव निदान आपल्या अंकांतून तरी यावे.

दरम्यान सरकारने १९१३ साली सबंध युनियनसाठी नवा इमिग्रेशन कायदा केला होता, तो १ ऑगस्टला अंमलात आला. त्यात बायकोविषयीची दुरुस्ती झाली, पण ‘एकपत्नीक विवाह’ ही अट तशीच घालून. म्हणजे दार थोडे ढकलले आणि आतून कडी लावली. पुढे सॉलोमन चौकशी समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीनंतर जून १९१४ मध्ये ‘इंडियन रिलीफ अ‍ॅक्ट’ मंजूर झाला. करारमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर गेला. भारतीय धर्मांच्या रीतीने परदेशात झालेला विवाह इमिग्रेशनपुरता विवाह ठरला. अट एवढीच की त्या माणसाची दुसरी बायको युनियनमध्ये नसावी. गांधी १८ जुलै १९१४ ला आफ्रिका सोडून निघाले.

सत्याग्रहाचा विजय म्हणून ही गोष्ट इथे संपवण्याची पद्धत आहे. आम्ही वर्गात तशीच शिकवत आलो. पण ज्यांच्यासाठी ती झाली त्यांच्यासाठी ती इथे संपत नाही. काही मुस्लिम व्यापारी तेव्हाच नाराज होते. त्यांचे म्हणणे, शरियतने दिलेली मुभा समझोत्यात सोडून दिली. आमचे स्वतःचे मत विचाराल तर दोन संसारांची वकिली आम्ही करणार नाही. मात्र केपमधल्या कोकणी माणसाची अडचण तत्त्वाची नव्हती. गावी त्याची निकाहाची बायको होती, आणि दहा-बारा वर्षे एकटा राहून त्याने तिथे मलाय मुलीशीही निकाह लावला होता. आता ‘एक’ म्हणजे कोणती? जी केपमध्ये होती ती. गावची, पहिली, जी त्याच्या आईबापांची सेवा करत बसली होती, तिच्यासाठी १९१४ च्या सवलतीचा कागद कोरा होता. दोष कायद्याचा की नवऱ्याचा? आम्हांला वाटते, दोघांचाही. आणि शिक्षा मात्र दोघांपैकी कोणालाच नाही.

बरे, जी एकुलती एक बायको कायद्याने आत आली, ती तरी पूर्ण बायको झाली काय? १९१७ साली सीदत नावाच्या नाताळच्या एका मुस्लिम गृहस्थाच्या मालमत्तेचा खटला सर्वोच्च अपील न्यायालयापुढे आला. मयताच्या पत्नीला वारसा-करात जी सवलत मिळते ती मुस्लिम रीतीने लग्न झालेल्या विधवेला मिळावी काय, हा वाद. न्यायालयाने नाही म्हटले. म्हणजे बंदरावर ती बायको होती, पण नवऱ्याच्या मय्यतीनंतर नव्हती.

*

यानंतरचा काळ कागदांचा आहे. १९१८ च्या साम्राज्य परिषदेने ठराव केला की वसाहतींत स्थायिक झालेल्या भारतीयांनी बायको व अल्पवयीन मुले आणावीत. पण बायको एकच, आणि ती खरोखर त्याची कायदेशीर बायको असल्याचा दाखला हिंदुस्थान सरकारने द्यावा. १९२७ च्या केपटाउन कराराने हेच पक्के केले. म्हणजे कोकणातल्या एखाद्या खेड्यात, जिथे काझीचा रजिस्टर आणि जमातीची साक्ष हाच काय तो पुरावा, तिथल्या बाईने आपण अमक्याची बायको आहोत हे इंग्रज सरकारच्या शिक्क्याने सिद्ध करायचे.

त्याच वर्षीच्या कायद्याने आणखी दोन खिळे ठोकले. सतत तीन वर्षे बाहेर राहिलेल्याचा रहिवास रद्द होई. आणि मुलगा आणायचा तर त्याच्याबरोबर आई आली पाहिजे. पूर्वी बाप दहा-पंधरा वर्षांच्या मुलालाच तेवढे हाताशी घेऊन जाई. आता आईला आणणे भाग पडले. वरवर पाहता हा नियम कुटुंब एकत्र आणणारा. पण सरकारचा हिशेब वेगळा होता: बाईला आणायचा खर्च आणि सगळे घर हलवायची तयारी नसेल, तर मुलगाही येणार नाही. मुलांची तर उलटतपासणीच होई. बापाला आणि मुलाला वेगवेगळे बसवून घराविषयी, नात्यागोत्याविषयी प्रश्न विचारायचे आणि उत्तरे जुळतात का पाहायचे. कारण पुतण्याला मुलगा म्हणून आणण्याचे प्रकार घडत होते, हेही खरे. ते आपण लपवू नये. एकत्र कुटुंबात वाढलेल्या पोराला कोणी ‘बापाचे नाव काय’ विचारले तर त्याने थोरल्या चुलत्याचेच नाव सांगावे, असेही आपल्याकडे होते. फाइलीला ते कसे कळणार?

तरीही बायका गेल्या. स्वातंत्र्यानंतरही मुंबईहून ‘करंजा’, ‘कंपाला’ यांसारख्या बोटी पूर्व आफ्रिकेची बंदरे घेत डरबनला जात. पण त्या आधीच, १९४८ साली, तिथे नॅशनल पक्ष सत्तेवर आला होता. भारतीय हे या देशाचे नव्हेतच, ते परके आहेत आणि शक्य तेवढे परत गेले पाहिजेत, हे त्या पक्षाचे उघड धोरण. अंतर्गत मंत्री डाँगेस यांच्या कारकिर्दीत १९५३ साली इमिग्रेशन कायद्यात दुरुस्ती झाली आणि भारतातून नवी वधू आणण्याचा चाळीस वर्षे लढून मिळवलेला हक्कच काढून घेण्यात आला. यापुढे होणाऱ्या लग्नाची भारतीय बायको दक्षिण आफ्रिकेत राहायला येऊ शकणार नाही. एकपत्नीक असो, नोंदणीकृत असो, हिंदुस्थान सरकारचा शिक्का असो. १९१३ चा निकाल निदान निकाहाच्या व्याख्येवर तरी वाद घालत होता. १९५३ ला वाद घालायचेही कारण उरले नाही.

भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. पुढे भारतीय पासपोर्टांवर ‘दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नाही’ असे छापून येऊ लागले. वर्णद्वेषाच्या विरोधातला तो योग्यच निर्णय होता, आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटावा. पण केपमधल्या कोकणी घरांच्या बाबतीत असे झाले की एका सरकारने बाहेरून आणि दुसऱ्याने आतून दार लावले. तिथल्या मुलांची लग्ने तिथेच होऊ लागली. गावाकडून येणारी नवी सून बंद झाली तशी तिच्याबरोबर येणारी भाषाही बंद झाली. तिसरी पिढी इंग्रजी आणि आफ्रिकान्स बोलू लागली. आजी गेली की घरातली कोकणीही गेली. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारने केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गोऱ्यांसाठी जाहीर केला आणि शेजारही मोडले. माणसे रायलँड्ससारख्या भारतीयांसाठी आखलेल्या वस्त्यांत गेली.

*

भारताचे दक्षिण आफ्रिकेशी राजनैतिक संबंध १९९३ मध्ये पुन्हा जुळले, १९९४ मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. आता सगळे आपोआप ठीक झाले असेल, असे आम्हांला वाटत होते. तसे नाही. परदेशी जोडीदाराला देशातच राहून परवाना मिळण्याचा प्रश्न २००० साली ‘दाऊद’ खटल्यात घटना न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्ती केट ओरेगन यांनी निकाल दिला की पती-पत्नींना एकत्र राहू न देणे हा माणसाच्या प्रतिष्ठेवरच घाला आहे, आणि अधिकाऱ्याच्या लहरीवर ते सोडता येणार नाही. २००४ साली ‘डॅनियल्स’ खटल्यात प्रश्न होता मुस्लिम रीतीने लग्न झालेल्या विधवेच्या वारसाहक्काचा. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी म्हटले की ‘जोडीदार’ या शब्दाच्या नेहमीच्या अर्थात मुस्लिम विवाहातील जोडीदार येतोच. त्याला बाहेर ठेवले होते ते शब्दाच्या अर्थाने नव्हे, पूर्वग्रहाने. १९१३ ते २००४ हा हिशेब एक्याण्णव वर्षांचा होतो. बाई मरियमला हे उत्तर कधीच मिळाले नाही.

पूर्ण मान्यता त्याहूनही उशिरा. २८ जून २०२२ रोजी घटना न्यायालयाने मुस्लिम विवाहांना न ओळखणारे तिथले विवाह आणि घटस्फोटाचे कायदे घटनाविरोधी ठरवले, आणि २०२४ मध्ये घटस्फोटाच्या कायद्यात ‘मुस्लिम विवाह’ ही व्याख्या दाखल झाली. हा लढा केपमधल्या स्त्रियांच्या संघटनेने चालवला, आणि त्यांचा आग्रह सरकारकडून मान्यता मिळावी एवढाच नव्हता. तलाक झालेल्या बाईला आणि तिच्या मुलांना पोटगी मिळावी, हाही होता. निकाहाला कायदा मान्यता देतो तेव्हा निकाह करणाऱ्यावर जबाबदारीही येते, हे आपल्या काही भाईंना तिथेही रुचले नव्हते.

दुसऱ्या देशाविषयी इतके लिहिल्यावर आपल्या घरातही पाहायला हवे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी लग्न करून नोंदणीने नागरिक होण्याची वाट मुळात फक्त स्त्रियांना होती. म्हणजे भारतीय पुरुषाची परदेशी बायको नागरिक होऊ शके, पण भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला ती वाट नव्हती. ‘स्त्रिया’ऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द १९८६ साली आला. आता त्या वाटेवर सात वर्षांचा रहिवास लागतो. फाळणीत कोकणातलीही घरे मुंबई आणि कराची अशी वाटली गेली. मामाची मुलगी तिकडची, आत्याचा मुलगा इकडचा. अशी लग्ने झाली आणि त्या बायकांनी अर्धे आयुष्य मुदतवाढीच्या अर्जांत काढले. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते. पण ज्यांचे कागद अजून अर्ध्यावर होते अशा बायका-मुलांना अटारीच्या फाटकावर उभे राहिलेले आपण टीव्हीवर पाहिले. निरपराधांना मारणाऱ्यांविषयी कोणाच्या मनात दया नाही. तरी फाटकाच्या एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला आई, हे पाहून आम्हांला त्या रात्री जेवण गेले नाही.

*

आमच्या विद्यार्थिनीचे सांगायचे राहिले. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी करावी लागते आणि खेड्यात ग्रामसेवक ती करतो. दाखल्यावर लग्नाची तारीख वेगळी आणि नोंदणीची तारीख वेगळी, असे दोन रकाने असतात. तिच्या दाखल्यात घाईत दोन्हींकडे नोंदणीचीच तारीख पडली होती. एवढीच चूक. ती दुरुस्त करून घ्यायला दोन महिने गेले. मग दुरुस्त दाखला, निकाहनाम्याचे नवे भाषांतर, काझीसाहेबांचे प्रतिज्ञापत्र, त्या सगळ्यावर मुंबईचा आणि दिल्लीचा शिक्का. काझीसाहेब म्हणाले, ‘चाळीस साल निकाह पढवले, मी निकाह पढवला असे शपथेवर लिहून देण्याची ही पहिलीच वेळ.’

व्हिसा पुढच्या रमजानच्या आधी आला. ती आता रायलँड्सला राहते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. मुलगा झाला आहे, आणि जन्मनोंदीसाठी आईबापाच्या लग्नाचा पुरावा हवा आहे. निकाहनाम्याची आमच्याकडची प्रत पाठवाल का सर, असे विचारत होती. पाठवली. या वेळी तिच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टाशी दोनदा ताडून पाहिले.